चार पुरुष पाणी

मांजरीस आमच्या मळ्यांत एक दगडी विहीर आहे. दिवाळीच्या सुमारास तिला चार पुरुष पाणी असे, आणि पोहावयास शिकलेल्या प्रत्येक मुलाची परीक्षा तिच्यांतच होई. परीक्षा एवढीच, कीं बुडी मारून तळाशीं जावें व तेथील मूठभर गाळ आणून कांठावरील मंडळींस दाखवावा. आमचे थोरले चुलतबंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणे, हें काम सहज करीत. आमची पाळी आली तेव्हां आम्ही अकरा वर्षांचे होतों.

बुडी मारिली. पहिल्या पुरुषापर्यंत मौज वाटली. दुसऱ्याच्या खालीं कानांत कोणी दाभण टोंचीत आहे असें झालें आणि छाती आंवळून आली. खालीं नुसता हिरवा काळोख. आमचा धीर सुटला. विहिरीच्या कडेच्या कपारींत थोडी माती सांचली होती. ती मुठींत धरिली आणि वर आलों. मंडळींनीं टाळ्या पिटल्या. वडिलांनीं सर्वांसमक्ष आमची पाठ थोपटली. त्या रात्रीं आम्हांस जेवण गेलें नाहीं.

त्या दिवसापासून एक प्रश्न मात्र डोक्यांत बसला. चार पुरुष पाण्यानें आमची ही गत, तर ज्या समुद्राची खोली हजारों पुरुषांनीं मोजावी, त्याच्या तळचे मासे चिरडून कसे जात नाहींत? आमची आपली समजूत अशी, कीं त्यांचें अंग लोखंडासारखें कठीण असलें पाहिजे.

पुढें पुस्तकें वाचावयास मिळालीं, तेव्हां ही समजूत अगदीं उलटी ठरली. पाण्यांत दर १० मीटर खालीं जावें तों आपल्या डोक्यावरील सबंध वातावरणाइतका दाब आणखी वाढतो. आमच्या विहिरीचें पाणी सुमारें ७ मीटर. म्हणजे आम्ही तेवढ्यालाहि भ्यालों! अरबी समुद्र पुष्कळ ठिकाणीं ४,००० मीटरांहून खोल आहे. तेथें बोटाच्या नखाएवढ्या जागेवर ज्वारीचीं चार पोतीं रचावीं इतका भार पडतो. परंतु दाबाखालीं चेपते ती पोकळी. आमच्या कानांत व छातींत हवा होती, म्हणून आम्ही कळवळलों. पाणी जवळजवळ चेपलें जात नाहीं, आणि माशाचें अंग बव्हंशीं पाण्याचेंच. उथळ पाण्यांतील बहुतेक माशांच्या पोटांत तरंगण्यासाठीं हवेची एक पिशवी असते. तळच्या पुष्कळ माशांनीं ती टाकूनच दिली आहे.

मग ते बुडत कसे नाहींत? हाडें हलकीं व ठिसूळ, मांस पाणचट व लिबलिबीत, अशा रीतीनें त्यांनीं अंगाचें वजनच उतरविलें आहे. याचा मासला पाहावयास फार दूर जावयास नको. बाजाराच्या दिवशीं सुक्या बोंबलांचा ढीग कोणीं पाहिला नाहीं? तोच बोंबील ओला असतां हातांत धरवत नाहीं इतका मऊ असतो. तो कांहीं खोल समुद्रांतला नव्हे. महाराष्ट्र व गुजराथ यांच्या किनाऱ्यालगत कोळी लोक त्याला डोल जाळ्यांत पकडतात. पण शास्त्रज्ञ त्याला ज्या गणांत घालतात, त्याच गणांत परांचे तीन लांब कांटे तिवईसारखे टेंकून समुद्रतळावर उभा राहणारा एक मासा आहे. आमच्या ताटांतल्या बोंबलाचा हा भाऊबंद कळल्यावर आम्ही कांहीं दिवस बोंबील फार आदरानें खाल्ला.

तरी दाबाचें संकट पुरतें टळत नाहीं. फार दाबाखालीं शरीरांतील प्रथिनांची घडी बिघडते. तिला आधार म्हणून समुद्रांतील माशांच्या मांसांत ट्रायमिथिलअमीन ऑक्साइड नांवाचा पदार्थ असतो, आणि मासा जितका खोल राहणारा तितकें त्याचें प्रमाण अधिक. मासा मेल्यावर याच पदार्थापासून तो वास उत्पन्न होतो, ज्याला आमच्या काकू नाकाला पदर लावीत! इ. स. २०२२ मध्यें जपानजवळच्या एका समुद्रगर्तेंत ८,३३६ मीटरांवर पोहणाऱ्या माशाचें चित्रीकरण झालें. त्याच्या जातीचे मासेहि बिनखवल्यांचे व बुळबुळीत. याहून फारसें खालीं कोणताहि मासा जगूं शकत नसावा, असें शास्त्रज्ञ मानतात.

आमच्या अरबी समुद्रांत दाबाखेरीज दुसरीहि एक अडचण आहे. मुंबईच्या गोदींत बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या पाहणीच्या जहाजानें एकोणिसाव्या शतकांतच हिंदुस्थानाभोंवतालच्या समुद्रांतून खोल पाण्यांतले मासे वर काढले होते. पुढें १९३३-३४ सालीं सेमूर सीवेल यांच्या नेतृत्वाखालीं ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजानें अरबी समुद्राचा शोध केला, तेव्हां मधल्या खोलीवरील तळ कांहीं भागांत जवळजवळ निर्जीव आढळला. कारण तेथील पाण्यांत प्राणवायु अत्यल्प. मुळा-मुठेच्या डोहांतील मरळ अशा वेळीं वर येऊन तोंडानें हवा घेते. शेंकडों मीटर खालच्या माशास ती सोय कोठली? तरीहि बोटाएवढे कंदीलमासे तेथें सबंध दिवस काढतात. प्राणवायु अधिक लागणारे चपळ शिकारी तेथें फार वेळ टिकत नाहींत, हाच त्यांचा आडोसा. रात्र पडली म्हणजे त्यांचे थवेच्या थवे वर चरावयास येतात. पोटाखालीं त्यांच्या बारीक दिव्यांची रांग असते. वरून येणाऱ्या मंद उजेडांत त्यांची काळी सांवली खालच्या शत्रूला दिसूं नये, म्हणून ते दिवे! दिवा लावून लपणारा प्राणी आम्हीं दुसरा फारसा ऐकिला नाहीं.

गेल्या दिवाळींत त्याच विहिरीच्या कांठावर बसून हें सारें आम्हीं दादांस सांगितलें. ते आतां थकले आहेत. पण मन लावून ऐकत होते. बोलतां बोलतां आम्हीं त्या कपारींतल्या मातीचीहि गोष्ट सांगून टाकली. दादा हंसले.

“अरे, मला तेव्हांच कळलं होतं. तळचा गाळ काळाभोर असतो. तुझ्या मुठींत तांबडा मुरूम होता.”

“मग दादा, तेव्हांच कां नाहीं बोललां?”

“काकांचा हात तुझ्या पाठीवर होता,” ते म्हणाले, “बोलणार कसा?”