हिरवी काच

डोंबिवलीच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तेव्हा काचेवरच्या शेवाळाला आम्ही घाण म्हणत असू. सफाईसाठी बारा टर्बो गोगलगाई आणि चार हर्मिट खेकडे आणले. काच लखलखली, आम्ही सुखावलो; मग गोगलगाई एकेक करून उलट्या पडू लागल्या. ज्याला घाण म्हटले, ते त्यांचे अन्न होते आणि ते संपले होते. रिकामे शंख खेकड्यांनी अंगावर चढवले.

ठाण्याच्या खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले. तेथील छोटे रोहित पक्षीही शेवाळावरच जगतात. पण अन्न आटले की त्यांना उडून जाता येते. काचेआड ती सोय नाही.

आता दोनच गोगलगाई ठेवल्या आहेत. काच थोडी हिरवी राहते. आम्ही ती पुसत नाही.