चाकांवरचें बिऱ्हाड

घर केवढें असावें हा प्रश्न आपल्याकडे बहुधा ऐपत आणि जागा हीं दोघेंच सोडवितात. परंतु जें घर मोटारीच्या मागें बांधून ओढून न्यावयाचें, तें केवढें असावें याचा निकाल खुद्द त्या मोटारीच्या दारांत लागलेला असतो. अमेरिकेंतील अलीकडच्या कोणत्याहि मोटारीचें चालकाच्या बाजूचें दार उघडलें, कीं दाराच्या खांबावर एक लहानशी चिकटपट्टी दिसते. माणसें व सामान मिळून या गाडींत जास्तींत जास्त किती वजन घालावें, तो आंकडा तीवर छापलेला असतो. ट्रेलर घेण्यास निघालेलीं माणसें दुकानांत पलंग, पडदे व शेगडी पाहण्यांत दोन-दोन तास घालवितात. ही पट्टी वाचण्यास अर्धें मिनिट पुरतें, पण तेवढें मात्र त्यांच्यानें होत नाहीं.

या विषयाकडे आम्ही वळलों तें आमच्या धाकट्या बंधूंमुळें. ते याच विद्यालयाचे जुने विद्यार्थी. सध्यां अमेरिकेंत मिशिगन राज्यांत नोकरीनिमित्त सहकुटुंब राहतात. घरीं पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. गेल्या हिवाळ्यांत त्यांनीं प्रवासी ट्रेलर घेण्याचें मनावर घेतलें आणि दोन ट्रेलरांचे नकाशे व वजनांचे तक्ते आम्हांकडे पाठवून लिहिलें, "दादा, तुम्ही गणित शिकवितां, यांतला कोणता घ्यावा तें सांगा." पत्राच्या अखेरीस आणखी एक ओळ होती: "आईला उन्हाळ्यांत इकडे आणीत आहों, पण ट्रेलरच्या सहलीला तिला नेणें जमेलसें दिसत नाहीं. तेवढी तिची समजूत तुम्ही घालावी." पुढील सारा जमाखर्च आम्हीं मांडला, तो खरें म्हणजे या एका ओळीसाठीं.

ज्या बालवाचकांनीं ही वस्तु पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचें यंत्र नसतें. मोटारीच्या पाठीमागें बसविलेल्या लोखंडी गोळ्यावर तिची दांडी अडकवितात आणि मोटार तिला ओढते. आंत निजावयाच्या जागा, शेगडी, शीतकपाट, मोरी व शौचकूप इतकें सर्व असतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तें येथें शेपटीला लागतें. ट्रेलर धांवत असतां आंत माणसें बसविणें तेथील पुष्कळ राज्यांत कायद्यानें मना आहे, आणि जेथें मना नाहीं तेथेंहि शहाणा बाप मुलांना आंत ठेवीत नाहीं. तेव्हां रात्रीचें घर कितीहि ऐसपैस असो, दिवसां सारें कुटुंब मोटारींतच बसावयाचें.

बंद भिंतींच्या ट्रेलरची कल्पना मिशिगनमध्येंच फळली. डेट्रॉईट शहरीं आर्थर शर्मन नांवाचे एक जंतुशास्त्रज्ञ होते. औषधांच्या एका कारखान्याचे ते प्रमुख. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते मुलाबाळांसह सहलीस गेले असतां वाटेंत पाऊस आला. बरोबर नेलेला कापडी तंबूचा ट्रेलर, कांहीं मिनिटांत उभा राहतो अशी ज्याची जाहिरात होती, तो उभा राहीपर्यंत सारें कुटुंब भिजून गेलें. शर्मन यांनीं मग दाबीव फळ्यांची एक पेटीवजा खोलीच करविली. रुंदी ६ फूट, लांबी ९ फूट. मध्यें अरुंद वाट, दोहों बाजूंस कपाटें व बांकें, एक शेगडी, एक बर्फाची पेटी. १९३० सालीं डेट्रॉईटच्या मोटार-प्रदर्शनांत त्यांनीं ती मांडली, किंमत ४०० डॉलर ठेविली, आणि लोकांनीं ती उचलली. १९३६ पर्यंत त्यांचा कारखाना या धंद्यांत अमेरिकेंत सर्वांत मोठा झाला होता. नऊ फुटांत एक कुटुंब मावलें, हें विसरूं नये. कारण आज दुकानांत ३० फुटांहून लांब ट्रेलर सर्रास उभे असतात, आणि १९ फुटांचा पाहून लोक त्याला खेळणें म्हणतात.

आतां आमच्या बंधूंचें गणित. पहिला ट्रेलर २६ फुटांचा, रिकामें वजन ४४०० पौंड. दुसरा १९ फुटांचा, २९०० पौंड. मोटार ५००० पौंड ओढूं शकते असें तिच्या पुस्तकांत लिहिलेलें. विक्रेत्यानें ४४०० आणि ५००० हे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून मोठा ट्रेलर सहज चालेल असें सांगितलें. आम्हीं हेंच उदाहरण नववीच्या वर्गापुढें ठेविलें, आणि मुलांनाहि पहिलीं पांच मिनिटें तसेंच वाटलें. मग एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, रिकामें म्हणजे पाण्याशिवाय कां?"

तोच खरा प्रश्न. अमेरिकन गॅलनभर पाणी सुमारें ८.३४ पौंड भरतें. टाकी ४० गॅलनांची असेल तर ३३४ पौंड तेवढ्यानेंच झाले. गॅसचीं दोन नळकांडीं ७५, विजेची बॅटरी ५५, आणि अंथरुणें, भांडीं, धान्य, कपडे, सायकली मिळून ६०० धरले. बेरीज ५४६४. म्हणजे घर सजलें कीं मोटारीच्या शक्तीबाहेर गेलें. त्यांतहि पुस्तकांतला ५००० चा आंकडा गाडींत एकदोन माणसेंच आहेत असें धरून काढलेला असतो. पांच माणसें बसलीं कीं तो तितका राहत नाहीं.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढें आहे. ट्रेलरचें सर्व वजन त्याच्या चाकांवर नसतें. शेंकडा १० ते १५ इतका भार दांडीवाटे मोटारीच्या पाठीवर पडावा असा नियम आहे. आम्हीं १२ धरला. मोठ्या ट्रेलरचा हा भार ६५६ पौंड येतो. आणि हा भार दारावरच्या पट्टींतील आंकड्यांतच बसवावा लागतो. बंधूंच्या पट्टीवर १२०० होते. पति १७०, पत्नी १३०, मुलगी ५०, मुलगा ३२, आई ११२, एकूण ४९४. मुलांच्या दोन खुर्च्या ३६, पिशव्या व खाण्याची पेटी १६०, जोडणीचें लोखंड ८०. झाले ७७०. दांडीसाठीं उरले ४३०.

४३० मध्यें ६५६ बसत नाहींत. बरें, आईला घरीं ठेविलें तर? ५४२ होतात, तरीहि बसत नाहींत. ज्या ट्रेलरच्या पायीं आईला वगळावयाचें, तो तिला वगळूनहि ओढतां येत नव्हता. हें उत्तर फळ्यावर आलें तेव्हां वर्गांत कोणी बोललें नाहीं. आमचें काम मात्र फार हलकें झालें.

लहान ट्रेलरचा हिशेब असा: २९००, पंचवीस गॅलन पाणी २०९, एक नळकांडें ३८, बॅटरी ५५, सामान ३००. एकूण ३५०२. दांडीचा भार ४२०. शिल्लक दहा पौंड.

पण आंकड्यांनीं पोट भरत नाहीं, हें बंधूंचेंहि म्हणणें रास्तच होतें. आईचें वय ७१, गुडघे दुखरे. तिनें निजावें कोठें? रात्रीं उठावें कसें? म्हणून एप्रिलच्या शेवटीं त्यांनीं एक २४ फुटांचा ट्रेलर चार दिवस भाड्यानें घेऊन पाहिला. नवी वस्तु विकत घेण्यापूर्वीं चार दिवस तिच्यांत राहून पाहणें हा मार्ग आम्हांस फार पसंत आहे. घराच्या बाबतींत तो कोणासच मिळत नाहीं.

पहिल्याच दिवशीं प्रसंग आला. मुलांच्या सायकली त्यांनीं ट्रेलरच्या अगदीं मागच्या टोंकाला बांधल्या होत्या. महामार्गावर एक अवजड ट्रक बाजूनें पुढें गेला, आणि ट्रेलर मागून डावी-उजवीकडे झोंके घेऊं लागला. बंधूंनीं घाबरून मोटारीचा ब्रेक दाबला नाहीं हें नशीब. वेग आपोआप उतरूं दिला, ट्रेलरचा निराळा ब्रेक हातानें हलकेच लावला, तेव्हां तो ठिकाणावर आला. मागच्या आसनावर दोन्ही मुलें झोंपलेलीं होतीं. रात्रीं फोनवर हें सांगतांना त्यांचा आवाज नीट निघत नव्हता.

आई शेजारीं बसून ऐकत होती. ती म्हणाली, "गाडी उलाळ झाली होती. ओझें पुढें घे."

आमच्या आजोळीं दमणी होती. बैलगाडींत मागें ओझें जास्त झालें कीं जूं वर उचलतें, बैलांच्या मानेवर दाब राहत नाहीं, आणि गाडी ताब्यांत राहत नाहीं. तिला उलाळ म्हणतात. आजोबा अशा वेळीं "पुढें सरका रे" म्हणून मुलांना ओरडत, आणि आई त्या मुलांतली एक. शेंकडा १० ते १५ चा जो नियम आम्हीं अर्धा तास फळ्यावर समजावून दिला, तो तिला सहाव्या वर्षापासून ठाऊक होता. दुसऱ्या दिवशीं सायकली आंत, चाकांच्या पुढच्या बाजूस ठेविल्या. ट्रेलर पुन्हां हलला नाहीं. त्यानंतर आईला शेजाऱ्यांकडे ठेवण्याची भाषा बंधूंनीं काढली नाहीं.

त्या चार दिवसांतले दोन दिवस पाऊस पडला, हेंहि बरेंच झालें. चांगल्या हवेंत कोणताहि ट्रेलर पुरतो, कारण मुलें आंत नसतातच. आमच्या भावजयींनीं त्या दोन दिवसांवरून दिलेला अभिप्राय आम्हांस सर्व तक्त्यांहून मोलाचा वाटला. त्या म्हणाल्या, "लांबी नको, छपरी हवी." ओले बूट बाहेर काढावयास दारावर ताणतां येणारी कापडी छपरी, रंगकाम करावयास एक टेबल, आणि दार लावून मोठ्यांना घटकाभर बसतां येईल असा कोपरा, इतकें असलें कीं पावसांत मुलें भांडत नाहींत, निदान कमी भांडतात. येथें एक गोष्ट सांगून ठेवितों. ट्रेलरची लांबी म्हणून जी सांगतात तींत पुढची दांडीहि धरलेली असते. १९ फुटांच्या ट्रेलरचें आंतलें घर सुमारें १६ फुटांचेंच भरतें.

मोठें घर घेऊन जाण्यास मोठे रस्तेहि लागतात. मोंटाना राज्यांतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानांत १९३३ सालीं खुला झालेला 'गोइंग टु द सन' नांवाचा प्रसिद्ध घाटरस्ता आहे. त्याच्या डोंगराळ भागावर २१ फुटांहून लांब वाहन नेतां येत नाहीं, आणि मोटार व ट्रेलर मिळूनच ती लांबी मोजतात. लहान असो कीं मोठा, ट्रेलर खालीं तळावर सोडूनच वर जावें लागतें. बंधूंना तेथें जावयाचें आहे. मोठ्या ट्रेलरनें तेथें कांहींच अधिक मिळणार नव्हतें.

राहिला प्रश्न मुलांच्या वाढीचा. आपल्याकडे मुलांना सदरा शिवितात तो वाढत्या अंगाचा. बंधूंचा विचारहि तसाच होता: मुलें दहा वर्षांनीं केवढीं होतील तें पाहून आजच मोठा ट्रेलर घ्यावा. सदरा सैल झाला तर बाह्या दुमडतां येतात. ट्रेलर दुमडतां येत नाहीं, तो रोज पुरताच ओढावा लागतो. परंतु या बाबतींत वर्गांतल्या एका मुलीनें आम्हांस चांगलेंच अडविलें. ती म्हणाली, "सर, ती मुलगी वर्षाला पांच-सहा पौंड तरी वाढेल, तिचा भाऊहि वाढेल. दहा पौंड एक वर्षसुद्धां पुरणार नाहींत." बरोबर होतें. मग वर्गानेंच उपाय काढला: पाणी घरून भरून नेऊं नये, तळावर नळ असतो तेथें भरावें. २०९ पौंड गेले. ट्रेलर ३२९३ वर आला, दांडीचा भार ३९५, शिल्लक ३५. सायकलीहि घरीं ठेवाव्या असें ठरलें. तीनचार वर्षांनीं मोटारच मोठी घ्यावी लागेल तेव्हां ट्रेलरचाहि विचार पुन्हां करतां येईल. तीन वर्षांच्या मुलासाठीं तेरा वर्षांच्या मुलाचा बिछाना आजपासून ओढीत हिंडावें, हें आम्हांस पटत नाहीं.

जूनमध्यें १९ फुटांचा ट्रेलर घेतला. मागच्या भागांत एकावर एक दोन अरुंद बिछाने आहेत. खालचा आईला दिला, कारण तेथून शौचकूप दोन पावलांवर आहे. वरचा नातीला, बाहेरून कठडा लावून. धाकट्यासाठीं रात्रीचें जेवण उरकल्यावर टेबल खालीं उतरवून बिछाना करावा लागतो, आणि टेबल उतरलें कीं सर्वांनींच निजावयाचें. ही सक्ति भावजयींना गैरसोयीची वाटते, आईला सोयीची.

पहिल्या सहलीहून परततांना बंधूंनीं ट्रकांच्या वजनकांट्यावर ट्रेलर तोलून घेतला. निघतांना ३२९० भरला होता. येतांना ३३२० भरला. खाणें तर संपलेलें, मग तीस पौंड वाढले कसे? शोध करतां मिशिगन सरोवराच्या काठचे पेटोस्की दगड निघाले. हे जुन्या काळच्या पोवळ्यांचे अवशेष असून ओले केले म्हणजे त्यांवर षट्कोनांची सुंदर नक्षी दिसते. १९६५ पासून तो त्या राज्याचा मानाचा दगड आहे, आणि सरकारी किनाऱ्यावरून माणशीं वर्षाला २५ पौंडांपर्यंतच नेण्याची परवानगी आहे. आजी आणि नातू या दोघांनीं मिळून ते जमविले होते, तेव्हां कायदा मोडला नव्हता. दगड सांपडले ते ट्रेलरच्या पुढच्या कपाटांत, दांडीच्या बाजूला. मागें आपल्या बिछान्याखालीं जागा असतांहि आईनें ते तेथें ठेविले नव्हते.