जळगाव ते धुळे : एका खोलीची गोष्ट

एप्रिलमध्ये खानदेशात प्रवास करू नये म्हणतात, आणि आम्ही तर दरवर्षी याच महिन्यात जळगावहून धुळ्याला जातो. आमची थोरली मावशी धुळ्याला होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ती गेली. तिच्या स्मृतिदिनाला धाकटी मावशी, आम्ही आणि मुले असे सकाळच्या एस.टी.ने निघतो. मावशीचे तिकीट अर्धे, मुलांचेही अर्धे. पूर्ण पैसे तेवढे आमचे!

यंदा बसस्थानकावर जाण्याआधी मावशीने रिक्षा एका वसतिगृहाकडे वळवायला लावली. आवारात दोरीवर मुलांचे शर्ट वाळत होते. खाली उतरून मावशीने बोट दाखवले, "ती वरची तिसरी खिडकी. तिथंच होते मी दहा दिवस." आमच्या मुलांना वाटले, आजी इथे शिकायला होती.

वाचक बंधू-भगिनींना ते दिवस आठवत असतीलच. ७ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारने रुग्णांची तीन ठिकाणे ठरवून दिली. दम लागणारा, अत्यवस्थ रुग्ण मोठ्या कोविड रुग्णालयात. मध्यम आजारी कोविड हेल्थ सेंटरमध्ये. आणि नुसता ताप-खोकला असलेला किंवा काहीच त्रास नसलेला बाधित कोविड केअर सेंटरमध्ये. हे तिसरे ठिकाण दवाखाना नसून शाळा, वसतिगृह, लॉज अशी कोणतीही इमारत असे. संशयित एकीकडे, बाधित दुसरीकडे, आणि कुणाची तब्येत बिघडलीच तर ऑक्सिजनसह रुग्णवाहिका तयार ठेवायची, असा नियम होता. जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वसतिगृह असेच वापरात आले. डॉक्टर आणि खाटा गंभीर रुग्णांसाठी मोकळ्या राहाव्यात, हा त्यातला हिशेब.

पण आमच्या वस्तीत हा हिशेब कोण समजावून सांगणार? जळगाव जिल्ह्यात जून २०२० मध्ये दर शंभर बाधितांमागे दहाहून अधिक मृत्यू होत होते. त्याच महिन्यात शासकीय रुग्णालयातून बेपत्ता म्हणून नोंदलेल्या एका वृद्ध बाईचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. चौकशी झाली, निलंबने झाली. पण भीती काही निलंबित होत नाही. "नेलं की माणूस परत येत नाही," असे बायका नळावर बोलू लागल्या. ताप आला की गोळी घेऊन लपवायचा, आणि दम लागला की मग पळायचे. उशीर झाला की डॉक्टर तरी काय करणार?

मावशीला नेले तेव्हा तीही रडत गेली होती. तिथे काय मिळाले? लोखंडी खाट, गादी, सकाळी नाश्ता, दोन वेळचे जेवण, रोज ताप बघणे आणि बोटाला लावायचे ते ऑक्सिमीटर. डाळ पातळ, संडासासमोर रांग, हेही तिने सांगितले. पण दुसऱ्यांची धुणीभांडी करून आयुष्य गेलेल्या बाईला दहा दिवस कुणी तरी ताट आणून दिले, हे ती अजून सांगते. शेवटचे तीन दिवस ताप नव्हता म्हणून दहाव्या दिवशी सोडले, पुन्हा तपासणीही केली नाही. मे २०२० पासून सौम्य रुग्णांसाठी तसाच नियम झाला होता. वस्तीत मात्र शेजारणीने महिनाभर तिच्याशी बोलणे टाकले होते.

बस गिरणेचा पूल ओलांडून पाळधीकडे लागली. दोन्ही बाजूंना केळी, उन्हाने पाने फाटलेली. सुरुवातीला जळगावात तपासणीची सोय नव्हती, तेव्हा घशाचे नमुने याच रस्त्याने, एरंडोल-पारोळा मागे टाकत, धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जात. इकडे अहवालाची वाट पाहत संशयित घरातच सगळ्यांसोबत जेवत.

माणूस वेगळा ठेवण्याची रीत नवी नाही. प्लेगात लोक गावठाण सोडून मळ्यात झोपड्या टाकून राहत. प्लेग उंदरावरच्या पिसवांनी पसरे, म्हणून घर सोडले की रोगही बराचसा सुटे. १८९७ साली पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसून रोगी शोधू लागले, तेव्हा लोकांनी रोगी लपवले. त्याच साली सावित्रीमाई आणि डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. तोही गावाबाहेरच. पण तिथे मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर माईंनी पाठीवर घेऊन आणले, आणि त्याच रोगाने १० मार्चला त्या गेल्या. कोरोनाची गोष्ट प्लेगाहून वेगळी. तो माणसाच्या श्वासातून पसरे, म्हणून घर सोडून भागत नव्हते. माणसापासून माणूस दूर करावा लागे. त्याला खोली लागते.

धुळ्याचा आमचा मावसभाऊ हमाली करतो. दहा बाय बाराची पत्र्याची खोली, एक मोरी, संडास चार घरांत मिळून. २०२१ मध्ये त्याला ताप आला, तपासणी बाधित निघाली. तोवर सौम्य रुग्णाला घरी राहायची मुभा होती. अट एवढीच की स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास हवा. विचारायला आलेल्या ताईंना त्याने सांगून टाकले, "आहे ना, वेगळी खोली आहे." सेंटरला न्यायची भीती होती, आणि आई घरी एकटी कशी ठेवायची हीही चिंता. मधे साडी बांधून त्याने पडदा केला. सहाव्या दिवशी आईला ताप. त्या वेळी सहा मिनिटे चालायचे आणि ऑक्सिजन ९३ च्या खाली जातो का बघायचे, अशी साधी परीक्षा सांगत. आईला तिसऱ्या मिनिटालाच बसावे लागले. चक्करबर्डीच्या रुग्णालयात ती चार दिवस होती.

आम्ही त्याला कधी दोष दिला नाही. एकाच खोलीत जन्मलेल्या माणसाने वेगळी खोली आणायची कुठून? जळगावच्या मावशीची शेजारीण तर तेव्हाच म्हणाली होती, "एकच खोली शे, अलग कथा ऱ्हावानं भाऊ?"

दुपारी जेवणे झाली. पंख्याखाली बसल्यावर मावशीने सहज सकाळची खिडकी सांगितली. मावसभाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, मी तिथं गेलो असतो, तर आईला कुणी बघितलं असतं?"

"मला फोन केला असतास तर मी आले असते, बाबा. मला होऊन गेला होता," मावशी म्हणाली.

त्याने मान हलवली आणि चहाला दूध आणायला बाहेर गेला. उन्हात, चप्पल न घालताच.