सूचनाफलक

तुमच्या शाळेत सूचनाफलक कोठे आहे? मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर? जिन्याखाली? की पाण्याच्या नळाजवळ? जरा आठवून पाहा. आणि काल त्या फलकावर काय लिहिले होते, तेही आठवून पाहा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही चटकन द्याल. दुसऱ्या प्रश्नाला मात्र तुमच्यापैकी बरेच जण डोके खाजवतील.

मी मालेगावातल्या एका मोठ्या उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात पुष्कळ वर्षे मराठी शिकवले. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. शाळेच्या भिंतीपलीकडे मागांची खडखड दिवसभर चाले. शुक्रवारी माग बंद असले, की सगळे गाव एकदम शांत वाटे. आमची शाळा दोन सत्रांत भरे. सकाळी पाचवी ते सातवी आणि दुपारी आठवी ते दहावी. दोन्ही मिळून दोन हजारांहून अधिक मुले-मुली. लहान गावातल्या शाळेत गुरुजी चाळीस मुलांना अंगणात उभे करून सांगतात, "उद्या सहल आहे, भाकरी बांधून आणा." झाले काम! आमच्याकडे असे कसे चालणार? प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून सूचना दिली, तर पुढच्या रांगा ऐकत आणि मागच्या रांगांत त्याच वेळी कोणी कोणाच्या पाठीत गुद्दा मारलेला असे. म्हणून आमचे वर्तमानपत्र म्हणजे तो फलक. हिरव्या कापडाचा, जाळीच्या दाराचा, दाराला छोटे कुलूप. किल्ली शिपाई चाचांच्या कमरेला.

त्या फलकावरून आम्हांला ऋतू कळत, असे म्हटले तरी चालेल. जूनमध्ये वर्गांच्या तुकड्या आणि पुस्तकवाटप. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीत कोण कोण आहे त्यांची यादी. ५ सप्टेंबरला शिक्षक दिन. त्या दिवशी दहावीची मुले वर्ग घेत, आणि कोण कोणत्या वर्गावर जाणार ही यादी लागली, की फलकासमोर पाय ठेवायला जागा नसे. मग चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या तारखा. ९ नोव्हेंबरला कवी इक्बाल यांच्या जन्मदिवशी उर्दू दिन. ११ नोव्हेंबरला मौलाना अबुल कलाम आझाद यांची जयंती. ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री; २००८ पासून हा दिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. दिवाळीची सुटी नेमकी तेव्हाच आली, तर कार्यक्रम पुढे ढकलावा लागे. आणि त्याचीही सूचना निघे! पुढे विज्ञान प्रदर्शन, क्रीडास्पर्धा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन. त्यानंतर फलकावर एकच विषय उरे : परीक्षा, परीक्षा आणि परीक्षा.

मधूनमधून बारीकसारीक सूचनाही असत. पाण्याची टाकी धुणार आहेत, घरून पाणी आणा. मैदानावर एक डावी चप्पल सापडली आहे, ओळख पटवून न्या. ही चप्पलची सूचना कितीतरी दिवस तशीच होती. डाव्या चपलेचा मालक उजव्या पायाने कसा घरी गेला, हे कोडे आम्हांला शेवटपर्यंत सुटले नाही.

तुम्हांला मराठी वाचायची थोडी भीती वाटत असेल, तर माझे ऐका. फलकापासून सुरुवात करा. तेथे तुमच्या ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतील. तारीख, हजर, गैरहजर, मुदत, परवानगी, जाहीर, रद्द, अर्ज, कागद, शाई. हे शब्द फारसी आणि अरबीतून शेकडो वर्षांपूर्वी मराठीत आले आणि येथलेच झाले. तुमच्या उर्दूतही ते आहेत. म्हणजे सूचनेतला प्रत्येक तिसरा-चौथा शब्द तुम्हांला आधीच सलाम करतो!

पण जरा सांभाळून. काही शब्दांनी मराठीत आल्यावर आपला अर्थ बदलला आहे. उर्दूत 'मजकूर' म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे ते. मराठीत मजकूर म्हणजे लिहिलेली गोष्ट. पत्रातला मजकूर, सूचनेतला मजकूर. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा खोडी. मराठीत 'माझी हरकत नाही' असे कोणी म्हणाले, तर तो खोडकर नाही असे समजू नका. त्याला ते मान्य आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि 'तक्रार'! आमच्या शाळेत फलकाशेजारी एक लाकडी पेटी होती. तिच्यावर 'तक्रार पेटी' असे रंगवले होते. उर्दूत तकरार म्हणजे वादावादी. पाचवीतला एक मुलगा शर्टाची फाटलेली बाही दाखवत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आमची तकरार झाली. या पेटीत कोणाला टाकायचे, मला की त्याला?"

शाळेतल्या बातम्यांची थोरामोठ्यांनाही मोठी आवड होती. आमच्या मालेगावपासून फार दूर नाही असे अमळनेर नावाचे गाव खानदेशात आहे. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली साने गुरुजी शिक्षक म्हणून आले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर आली. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहीत. त्या काळी शाळेत ना छपाईयंत्र, ना नकला काढण्याचे यंत्र. रोज नव्याने लिहायचे! तिकडे कलकत्त्यात मौलाना आझादांनी १९०३ साली 'लिसान-उस-सिद्क' नावाचे मासिक सुरू केले, तेव्हा त्यांचे वय होते पंधरा. तुमच्या दहावीच्या वर्गातल्या मुलाएवढे. हे मला नेहमी नवल वाटते. पंधराव्या वर्षी आपण स्नेहसंमेलनाच्या यादीत स्वतःचे नाव आहे की नाही, एवढेच पाहतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती २०१३ सालची आहे.

केंद्र सरकारने २००८ साली आठवीच्या मुलामुलींसाठी एक शिष्यवृत्ती सुरू केली. ज्यांच्या घरचे उत्पन्न कमी आहे, पण डोके हुशार आहे, अशांसाठी ही परीक्षा असते. निवड झाली, की नववीपासून बारावीपर्यंत पैसे मिळतात. त्या वेळी वर्षाला ६,००० रुपये मिळत. २०१७ पासून ती रक्कम १२,००० रुपये झाली. परीक्षा फक्त आठवीत देता येते. नववीत गेल्यावर संधी संपली.

आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. वडील मागावर कामाला. ती गणितात इतकी हुशार, की उदाहरण फळ्यावर लिहून होण्याआधी तिचे उत्तर तयार असे. त्या वर्षी तिची आई आजारी पडली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला ती आठ दिवस घरी राहिली. त्याच आठ दिवसांत शिष्यवृत्तीची सूचना फलकावर लागली आणि तिची मुदतही संपली. सूचना वरच्या कार्यालयातून आली होती, ती तशीच टाचलेली. 'सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, विहित नमुन्यातील आवेदनपत्रे विहित मुदतीत सादर करण्यात यावीत.' मुले ती वाचत आणि पुढे जात. विहित म्हणजे काय आणि आवेदनपत्र म्हणजे काय? अर्ज असे लिहिले असते, तर शाळेतल्या सगळ्यांना समजले असते. सोबत तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला लागणार होता, तो सूचनेच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होता.

नवव्या दिवशी ती आली. फलकापाशी उभी राहिली. एकेका शब्दावर बोट ठेवत तिने सगळी सूचना वाचली. मी जवळून जात होतो. मला पाहून तिने विचारले, "सर, ही तारीख गेली ना?"

मी 'हो' म्हटले. दुसरे काय म्हणणार? आम्ही त्याच दुपारी फोन केला. पलीकडून उत्तर अगदी नम्र होते, आणि नकाराचे होते. चार वर्षांचे २४,००० रुपये होतात. तो हिशेब मी तिला सांगितला नाही. तिने तो मनात आधीच केला असणार.

मला वाटले होते, ती रडेल. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ती एक कोरी वही घेऊन आली. म्हणाली, "सर, रोज फलकावरचे मी उतरून घेईन. वर्गात जी मुलगी आली नसेल, तिच्या गल्लीतल्या मुलीला सांगेन. पण तुम्ही आधी मला ते सोप्या भाषेत सांगा."

असे आमच्या शाळेत सूचनावहीचे काम सुरू झाले. प्रथम एका वर्गात, मग सगळ्या तुकड्यांत. डाव्या बाजूला मराठीत सूचना, उजव्या बाजूला उर्दूत. केव्हा, कोठे, कोणी यायचे, बरोबर काय आणायचे, एवढेच. 'सादर करण्यात यावे' वगैरे काही नाही. मुलांना मराठी लिहिण्याचा सराव यामुळे जितका झाला, तितका माझ्या निबंधांनी झाला नसेल. आणि पानाच्या शेवटी एक रकाना : आज कोण गैरहजर, आणि निरोप कोणी पोचवला. मुख्याध्यापकांनी शिपाई चाचांना सांगून फलकाची किल्ली मुलांच्याही हाती दिली. पण रोज संध्याकाळी ती परत कमरेला लावल्याशिवाय चाचा घरी जात नसत.

पुढच्या वर्षी आठवीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत गेले. त्या मुलीने मात्र दहावीपर्यंत वही सांभाळली. जी परीक्षा तिला देता आली नव्हती, तिची सूचना तिने सलग दोन वर्षे स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिली.

आता बहुतेक वर्गांचा मोबाइलवर गट असतो. सूचना क्षणात पोचते. पण घरात एकच मोबाइल असतो, आणि तो अब्बांच्या खिशात मागाच्या कारखान्यात गेलेला असतो. रात्री ते दमून येतात, तेव्हा शंभर निरोपांच्या ढिगात शाळेचा निरोप खाली दबलेला असतो. म्हणून माझ्या ओळखीच्या काही शिक्षकांनी फलकही ठेवला आहे आणि वहीही.

त्या वह्यांपैकी दोन माझ्याकडे आहेत. परवा एक उघडली. पाने पिवळी पडली आहेत. एका पानावर सातवीतल्या कोणा मुलाचे वाकडेतिकडे अक्षर आहे. सूचना साधीच : उद्या शाळेत डोळे तपासायला डॉक्टर येणार आहेत. खाली गैरहजर मुलाचे नाव, आणि शेवटच्या रकान्यात मराठीत लिहिले आहे : 'घरी कुलूप होते. शेजारी सांगितले. संध्याकाळी परत गेलो.'