माळ्यावरची आगगाडी

आमच्या घराच्या माळ्यावरून रोज रात्री साडेनऊच्या सुमारास एक आगगाडी सुटते. ती कोठेही जात नाही. प्लायवूडच्या फळीवरून, प्लॅस्टरच्या दोन डोंगरांना वळसा घालून, ती जेथून निघाली तेथेच परत येऊन उभी राहते. दिवसभर कॉलेजात संतकाव्य आणि काव्यशास्त्र शिकवून आलेला, चाळिशी उलटलेला एक गृहस्थ त्या वेळी स्टुलावर बसून तिच्याकडे टक लावून पाहत असतो. मग खालून सौभाग्यवतींचा आवाज येतो, "गाडी वेळेवर आली असेल तर माळ्याचं दार लावून घ्या. डास येतात."

माझ्या या नादाचे मूळ माझ्या गावात आहे. वरसे हे रोह्याला अगदी लागून असलेले गाव. आपट्याहून रोह्यापर्यंत रूळ आले ते १९८६ साली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. वडिलांनी मला बोटाला धरून स्टेशनात नेले. गाडी पाहिली, इंजिन पाहिले, आणि मग मी हट्ट धरला, की हे रूळ कोठवर जातात ते मला दाखवा. आम्ही थोडे चालत गेलो. एका जागी ते संपले होते. पुढे नुसते गवत होते. "पुढे काय आहे?" मी विचारले. "पुढे अजून काही नाही," वडील म्हणाले. त्या 'अजून' या शब्दाने मला किती रात्री जागवले म्हणून सांगू! पुढे १९९३ साली रोह्याहून वीरपर्यंत कोकण रेल्वे धावू लागली, आणि २६ जानेवारी १९९८ ला ती सलग झाली. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर. त्या गवतातून गाडी थेट कर्नाटकात गेली; पण माझ्या मनातले रूळ मात्र अजून त्या गवतातच संपतात. माळ्यावरची गाडी मी बहुधा तेथूनच पुढे नेत असतो.

अशा छंदाची बातमी लपत नाही. पंचक्रोशीत कोणालाही छोटी आगगाडी करावीशी वाटली, की त्याला माझ्याकडे धाडले जाते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका पेणहून येतात, नातवाच्या नावाखाली स्वतःची हौस भागवू पाहणारे एक डॉक्टर येतात, शाळकरी मुले तर येतातच. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "सर, किती जागा लागते?"

या प्रश्नावर मी खुलतो. मी त्यांना सांगतो, की सगळ्यांत चालती ती एचओ नावाची मोजपट्टी. तिच्यात खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग करायचा. कोकण रेल्वे बांधताना इंजिनियरांनी ठरवले, की कोणतेही वळण साडेबाराशे मीटर त्रिज्येपेक्षा आवळ असता कामा नये, आणि चढ १५० स एक यापेक्षा उभा असता कामा नये. भरधाव गाडी जायची तर हे हवेच. आता साडेबाराशेला सत्त्याऐंशीने भागा. त्रिज्या येते चौदा मीटरांहून थोडी जास्त! म्हणजे खरेखुरे कोकणी वळण पूर्ण फिरवायचे तर आमचे घर, अंगण, पलीकडचा रस्ता आणि शेजाऱ्यांची विहीर एवढे सगळे प्लायवूडखाली घालावे लागेल. एक डबा पाव मीटरभर लांब. वीस डब्यांची गाडी पाच मीटरांची. ती आमच्या माळ्यावर उभी केली तर इंजिन मोरीत आणि शेवटचा डबा जिन्यात. पेणचे काका हे ऐकून इतके खचले, की चहा अर्धा टाकून निघाले. मग त्यांना परत बोलावून सांगावे लागले, की काका, निम्मी कला खोटे बोलण्याची आहे. वळण अर्ध्या मीटरचे घाला आणि डोंगराआड दडवा. गाडी सहा डब्यांची ठेवा. पाहणारा उरलेले चौदा डबे बोगद्यात आहेत असे समजून घेतो.

रुळाचीही अशीच गंमत आहे. बाजारात मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा. त्याला सत्त्याऐंशीने गुणा म्हणजे १४३५ मिलिमीटर ही युरोप-अमेरिकेतली रुंदी येते. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. तेव्हा आपल्याकडचे हौशी लोक आपली धष्टपुष्ट इंजिने परक्यांच्या अरुंद रुळावर चालवतात. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून मिरवण्याची आपल्याला सवय आहे, त्यातलेच हे एक.

जागा फारच थोडी असेल त्याला मी माथेरानची गाडी करायला सांगतो. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. रूळ अवघे दोन फूट रुंद, चढ २० स एक, आणि वळणे अशी की गाडीला स्वतःची शेपटी दिसावी. ही गाडी कपाटाच्या खणातसुद्धा खरी वाटते. ज्याला दांडगाई आवडते त्याने बोरघाट करावा. तेथला ३७ स एकचा चढ इंजिनाला एकट्याने झेपत नाही, मागून ढकलायला आणखी इंजिने लागतात. चढाचा हिशेब मात्र आधी करावा. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर साडेसात सेंटीमीटर उंची हवी. ५० स एकच्या चढाने तेवढे चढायला पावणेचार मीटर लागतात, आणि पुन्हा उतरायला तेवढेच. डॉक्टरांनी हा हिशेब न करता पूल बांधला. त्यांची गाडी पुलाच्या तोंडाशी येऊन विनम्रपणे मागे घसरते.

आमच्याकडचा खरा शत्रू म्हणजे पाऊस. जूनमध्ये कोकणातले लाकूड जे फुगते ते दसऱ्यापर्यंत फुगलेले असते. मी पहिली फळी साध्या प्लायची केली, वरून छान रंगवली, आणि जुलैत माझा लोहमार्ग सापासारखा वेटोळला. तेव्हा नवशिक्याला मी बजावतो, की मरीन प्लाय घ्या आणि रंग खालच्या बाजूला व कडांनाही द्या. पाणी दर्शनी भागातून आत शिरत नाही. रूळ पितळेचे घेऊ नका. ते काळवंडतात आणि वीज अडवतात. निकेल सिल्व्हरचे घ्या. (त्यात चांदी औषधालाही नसते; तांबे, निकेल आणि जस्त. नावे ठेवणारे लोक सर्वत्र सारखेच.) डोंगरासाठी वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर प्लॅस्टरमध्ये बुडवलेली जाळीची पट्टी. झुडपांना वाळलेल्या घोसाळ्याची शिरे. मातीला चहाचा चोथा, मात्र उन्हात खडखडीत वाळवलेला. नाहीतर डोंगराला बुरशी येते, आणि ती रंगापेक्षा हिरवी दिसते. रुळाखालची खडी म्हणजे चाळलेली वाळू. ती पसरून वर पाणी घातलेला गोंद सोडायचा आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. म्हणजे गोंद गोळा न होता वाळूत झिरपतो. खडकाचा रंग मला पेणच्या एका मूर्तिकाराने शिकवला. "आधी काळोख लावा, सर, मग त्यावर कोरड्या कुंचल्याने उजेड पुसा," तो म्हणाला. काव्यशास्त्राच्या तासाला मी हे वाक्य दोनदा वापरले आहे.

एवढे वाचून कोणालाही वाटेल, की हा मनुष्य फार उपयोगी आहे. मलाही तसेच वाटत असे.

आमचे चिरंजीव आठ वर्षांचे असताना मी त्यांना पुण्याला कोथरूडमधले छोट्या रेल्वेचे संग्रहालय दाखवायला नेले होते. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदाचे ते मूर्त रूप. ते लोकांसाठी खुले झाले १९९८ साली. म्हणजे कोकण रेल्वे पुरी झाली त्याच वर्षी. एका दालनात एक अख्खे शहर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, हलणारे सिग्नल. मध्येच दिवे मालवून तेथे रात्र करतात आणि इवल्या इवल्या खिडक्या उजळतात. चिरंजीव हनुवटी टेकून उभे राहिले ते खेळ संपेपर्यंत पापणी न लवता. परतताना एसटीत त्यांनी विचारले, "बाबा, आपणही करू या?" माझा माळा तेव्हापासूनचा. खरे पाहता तो त्याचा माळा होता.

दहा वर्षांचा असताना त्याने एक बेत आखला. गाडीने डोंगराला वळसा घालावा आणि गेली त्याच रुळावरून उलट तोंडाने परत यावे. त्याने कागदावर काढून दाखवले. लांब देठाचे पान असते तसे. मी चष्मा वर केला आणि म्हणालो, "हे चालणार नाही." का ते समजावून दिले. एका रुळात धन वीज, दुसऱ्यात ऋण. पानाच्या कडेने फिरून रूळ देठाला मिळाला की धन ऋणाला भिडते आणि सगळे बंद पडते. त्यासाठी वळशाच्या दोन्ही टोकांना रुळांत फटी ठेवून मधल्या तुकड्याला वेगळा उलटसुलट स्विच द्यावा लागतो. मी अर्धा तास बोललो. आकृती काढली. सगळे बरोबर होते. मात्र त्याने अजून एकही रूळ ठोकला नव्हता. ठोकला असता, ठिणगी उडाली असती, गाडी थबकली असती, आणि मग तो धावत येऊन "असं का झालं?" असे विचारता. ते विचारणे मी त्याच्याकडून काढून घेतले. लाल शाईचा एवढा सराव, की कोरा कागदही तपासून मोकळा झालो!

त्यानंतर त्याने एक स्टेशन केले. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून पाटी केली, पिवळी रंगवली आणि त्यावर काळ्या अक्षरांत लिहिले, 'वरसे'. मी म्हणालो, "अरे, वरसे नावाचं स्टेशन नाही. आपलं स्टेशन रोहा. शिवाय पाटीवर नाव मराठी, हिंदी, इंग्रजी असं तीनदा असतं, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पाटी तेथे नव्हती. मला वाटले, सुधारून लावणार असेल. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात आले, की तो माळ्यावर येत नाही. अभ्यास, क्रिकेट, मोबाइल, अशी कारणे मी माझी मीच शोधून स्वतःला दिली. फळीवर आता एकट्याचेच राज्य होते, सगळे काही अचूक होते, आणि लोक सल्ला विचारायला येत होते.

गेल्या दिवाळीच्या आधी सौभाग्यवतींनी माळा झाडायचा फतवा काढला. जुन्या रूळजोडांच्या डब्यात ती पाटी सापडली. रंग थोडा उडाला होता. 'र'ची मांडणी सुरेख होती. हे मला तेव्हा दिसले नव्हते. बराच वेळ ती हातात धरून बसलो. खालून विचारणा झाली, "काय सापडलं?" "काही नाही," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात शेजारच्या आळीतला आठवीतला मुलगा मला बोलवायला आला. त्याने अंगणात अवचितगड केला होता. आमच्या रोह्याचाच किल्ला, तेव्हा मुलांचे प्रेम त्याच्यावरच. हळीव पेरलेले, बुरूज सारवलेले, वर महाराज सिंहासनावर, आणि पायथ्याशी बॅटरीवर चालणारी आगगाडी! मातीतच रूळ दाबून बसवलेले. वळण एवढे आवळ, की ताटाच्या कडेवरून न्यावे. "सर, गाडी चालेल ना?" त्याने विचारले.

माझ्या जिभेवर एका दमात चार वाक्ये आली. माती रुळावर येईल. वळण आवळ आहे. चढ फार आहे. आणि आपल्याकडे आगगाडी १८५३ साली आली, महाराजांच्या काळात नव्हती. ही चारही वाक्ये मी गिळली. शपथेवर सांगतो, वाचकहो, कॉलेजातल्या एकाही सभेत मला एवढे कष्ट पडलेले नाहीत.

"चालवून पाहू," मी म्हणालो.

गाडी सुटली, दरवाजाखालून गेली, आणि वळणावर आडवी झाली. मुलाने ती उचलली, चाकांतली माती फुंकली, पुन्हा ठेवली. पुन्हा आडवी. तिसऱ्या वेळी तो पोटावर पडून डोळा रुळाच्या पातळीला नेऊन पाहू लागला. मग उठला, अर्धा बुरूज खणून काढला आणि वळण बाहेर सरकवले. महाराजांचा एक मावळा त्यात कामी आला. चौथ्या वेळी गाडी फिरली. सगळी आळी ओरडली. मुलाने माझ्याकडे पाहून विचारले, "सर, तुमच्याकडं वळण किती मोठं ठेवता?" तेव्हा कोठे मी तोंड उघडले, आणि उत्तर एका वाक्यात संपवले.

चिरंजीव आता पुण्याला इंजिनियरिंगला असतात. धनत्रयोदशीला रात्री आले, जेवले, आणि फोन घेऊन कॉटवर आडवे झाले. मी काही बोललो नाही. त्या दुपारीच मी पाटी गोंद लावून फलाटाच्या टोकाला बसवली होती. नाव एकदाच, मराठीत; उंची लिहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, अभ्यंगस्नानाच्या गडबडीत, माळ्याचा जिना वाजला. मी उटण्याची वाटी हातात घेऊन खालीच उभा राहिलो. वर दिव्याचे बटण वाजले. मग पुष्कळ वेळ काहीच ऐकू आले नाही. मग गाडी सुटल्याचा आवाज. एक फेरी, दुसरी फेरी. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "पाणी निवतंय!" मी त्यांना हाताने थांबवले.

तिसऱ्या फेरीनंतर जिन्याच्या तोंडाशी त्याचे डोके दिसले.

"बाबा, पाटी वाकडी लावलीय."

"असेल," मी म्हणालो.

"आणि गोंद फार झालाय. बाहेर आलाय."

"मग सरळ कर की."

"पाणी दे थोडं," तो म्हणाला, आणि पुन्हा वर गेला.

मी उटण्याची वाटी ठेवली आणि पाणी आणायला आत गेलो.