ड्रम आणि जाळीमधली फट

आमच्या लातूरकडे ऑक्टोबरात सोयाबीन काढायला पंजाबातून हार्वेस्टर येतात. भाव एकरावर ठरतो. लोक बघतात ते पुढचं पातं. पण माल बिघडतो तो यंत्राच्या पोटात. तिथे ड्रमखाली एक कमानदार लोखंडी जाळी असते, कॉन्केव्ह. दोघांमधल्या फटीत पीक घासलं जातं, दाणा जाळीतून खाली पडतो, काड मागे जातं.

गव्हाचा दाणा तुसात घट्ट बसलेला. त्याला फट अरुंद लागते आणि ड्रमचे फेरे मिनिटाला हजाराच्या आसपास. वाळलेली सोयाबीनची शेंग मात्र बोटांनीही तडकते. तिला फट बरीच मोठी हवी, फेरे चार-पाचशे पुरे. गव्हाची मांडणी तशीच ठेवून सोयाबीनमध्ये शिरलं की दाण्याची डाळ होते. ती निदान दिसते तरी. न दिसणारं नुकसान जास्त वाईट: अख्ख्या दाण्याच्या पातळ सालीला गेलेली बारीक चीर. साल इतकी नाजूक की अंकुर तिच्या लगेच खाली असतो. मोंढ्यावर हा माल खपतो. पेरला तर जूनमध्ये कळतं.

बाबा घरचंच बियाणं ठेवतात. त्या एका एकरासाठी ते ऑपरेटरला फट वाढवायला सांगतात आणि तो कुरकुरतो. त्याचंही खरं आहे. फट वाढली की न फुटलेल्या शेंगा मागून पडतात, आणि शेतकरी भांडतो तो त्या शेंगांवरून, सालीच्या चिरेवरून नाही. शिवाय सकाळी दवाने चिवट असलेली शेंग दुपारी दोनला कडक होते, म्हणजे एकाच शेतात दोनदा उतरून फट बदलायची. एकरावर पैसे घेणारा माणूस कशाला उतरेल?

ऑफिसात माझं काम अशाच मर्यादा ठरवण्याचं. कडक ठेवली तर चांगलं गाळलं जातं, सैल ठेवली तर वाईट आत येतं. फरक इतकाच, की तिथे चुकीची किंमत दुसऱ्या दिवशी आलेखावर दिसते. इथे ती बाबा मे महिन्यात मोजतात: ओल्या गोणपाटावर 100 दाणे, दहाच्या दहा ओळी. 70 उगवले तर बियाणं, नाहीतर दुकानातली बॅग.

यंदा त्यांनी बियाण्याच्या एकराला वेगळा, चढा भाव बोलून ठेवलाय. दुपारी उतरून फट बघण्याचे पैसे त्यात धरलेत.