रोवणीच्या आधी

लकवा झालेल्या माणसाला दवाखान्यातून सुटी मिळते, तेव्हा घरचे लोक बहुधा एकच विचारतात, "चालतील ना हे?" आंबागडच्या एका घरात मला वेगळा प्रश्न ऐकायला मिळाला. मे महिना संपत आला होता. सून म्हणाली, "मॅडम, औंदा रोवणीले जाता येईन का आमाले?"

व्यवसायोपचाराचं काम करताना इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल. भंडारा जिल्हा धानाचा. जुलैत पाऊस लागला की पऱ्हे उपटून बांधीत रोवायचे आणि ते काम मुख्यतः बायांच्या हातचं. सकाळी गेलेली बाई दिवस कलल्यावर घरी येते. त्या दिवसांची मजुरी सोडणं आणि स्वतःची बांधी पडीक ठेवणं दोन्ही परवडत नाही. म्हणजे सासऱ्याला सकाळपासून दिवस कलेपर्यंत घरी एकटं राहता आलं पाहिजे. तेवढ्या वेळात त्यांना खाटेवरून उठायचं आहे, लघवीला जायचं आहे, माठातलं पाणी घ्यायचं आहे, झाकून ठेवलेलं जेवायचं आहे आणि अडलं तर कुणाला तरी हाक मारायची आहे. आमचं उद्दिष्ट सुनेनंच ठरवून दिलं होतं, तारखेसकट.

आंबागड तुमसर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. वरचा किल्ला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळातला, १७०० च्या सुमारास राजाखान पठाणानं बांधलेला. नागपूरहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीनं तुमसर रोडला उतरायचं. ते स्टेशन देव्हाडीला आहे, तुमसर शहर तिथून पुढे आणि आंबागड आणखी पुढे, डोंगराकडे. लकवा झालेल्या माणसाला उपचारासाठी दर आठवड्याला एवढ्या वाटेनं नागपूरला आणणं कुठल्याही शेतकरी घराला जमणारं नाही. म्हणून आपणच जावं, हे माझं मत.

जाताना पिशवीत काय न्यावं? आम्हाला शिकवलेला बार्थेल निर्देशांक उपयोगी आहे. १९६५ साली फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी तो प्रसिद्ध केला. खाणं, आंघोळ, कपडे, शौच, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं अशा दहा गोष्टी आणि एकूण १०० गुण. माणूस कुठे होता आणि कुठे आला हे त्यातून झटकन कळतं. पण त्या गुणांत चिखल नाही. अंगण ओलांडून कोपऱ्यातल्या संडासापर्यंत पावसात जायचं, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून फॉर्मसोबत मी मोजपट्टी, खडू, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आणि दोरीही ठेवते.

या काकांची, म्हणजे त्या सुनेच्या सासऱ्यांची, उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही अडखळत होतं. पहिलं काम संडासाचं. भांडं जमिनीलगतचं आणि खोली अरुंद. उकिडवं बसून एका पायाच्या जोरावर उठणं त्यांना शक्य नव्हतं. मधे भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची बऱ्याच घरांत दिसते. मला ती अजिबात आवडत नाही. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. काकांच्या गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंतचं अंतर मोजलं, त्याहून थोडी जास्त उंची धरली आणि तुमसरच्या वेल्डरकडून पाइपाचा चौकोनी स्टूल करून घेतला. खाली रबरी बूच आणि बसायला गोल कडं. डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूच्या भिंतीत पाइपाची दांडी बसवली. माप मात्र त्या माणसाचंच घ्यावं लागतं. स्टूल दोन बोटं बुटका झाला तरी उठताना सगळा भार आजारी बाजूकडे कलतो.

मग वाट. छपरीपासून संडासापर्यंत मुलानं बांबूचा कठडा केला, जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या, कारण धरणारा हात डावाच. खाली मुरूम टाकून धुमसला. पायरीचा नियम मी छपरीच्या खांबावर खडूनं लिहून ठेवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना आजारी पाय आधी. नातू शाळेत जायच्या आधी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि काका पाय टाकायचे.

कपड्यांचंही असंच. घालताना आजारी हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. हे एकदा घरात सगळ्यांना कळलं की हाताची ओढाओढी थांबते, आणि ती थांबायलाच हवी. लुळ्या हाताला धरून माणूस उठवला की खांदा दुखावतो आणि ते दुखणं महिनोन्महिने पुरतं.

पण खरं अडलं ते जेवणावर. डावा हात उत्तम चालत होता, तरी काका स्वतः जेवत नव्हते. काकू भरवायच्या. मी ताट डाव्या हातापाशी सरकवलं की ते तोंड फिरवायचे. काकूंनी सांगितलं, "डाव्या हातानं खावाचं कसं बाई? धुवाचा हात हाय तो." काकांनी मान हलवली आणि मोठ्या कष्टानं एकच शब्द काढला, "लोक."

यात हसण्यासारखं किंवा समजूत घालून मोडून काढण्यासारखं काही नाही. पंगतीत उजव्या हातानं जेवत म्हातारा झालेला माणूस आहे तो. मी भाषण दिलं नाही. चमचा दिला. डाव्या हाताची बोटं भातात जात नाहीत, मधे चमचा आहे, एवढ्यावर ते थोडे राजी झाले. तोडगा पुरा केला तो काकूंनी. त्यांनी काकांचा उजवा हात उचलून ताटाच्या काठावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा लागला न ताटाले? आता खा." उपचाराच्या दृष्टीनंही ते अगदी बरोबर होतं. उजवा हात नजरेसमोर राहिला, त्याला ताट धरून ठेवण्याचं काम मिळालं आणि माणूस सरळ बसला. ताट उभ्या काठाचं घेतलं म्हणजे घास काठाला टेकवून चमच्यात घेता येतो. खाली ओलं फडकं घातलं म्हणजे ताट सरकत नाही. वरण जरा घट्ट ठेवायला सांगितलं. पुढे चमच्याच्या दांडीवर सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड केली आणि शेवटचे घास उजव्या हातानं, डाव्याचा आधार देऊन, असा सराव लावला. भातापेक्षा मुटके त्यांना त्या हातानं लवकर जमले.

गावातच एका मायची डावी बाजू अधू होती. उजवा हात चांगला, चालणंही काठीवर जमत होतं. तिला घरात काहीच करू देत नव्हते, मायेपोटीच. तिचं मागणं एवढंच, की भाजी मी चिरीन. आमच्या साहित्यात एका हातानं चिरण्यासाठी खिळे ठोकलेली पाटी असते. भाजी खिळ्यात रोवायची आणि सुरीनं कापायची. पण मायनं उभ्या आयुष्यात सुरी वापरली नव्हती. तिची विळी पाहिली आणि लक्षात आलं की विळीला मुळात एकच हात पुरतो. सुरीला भाजी धरणारा दुसरा हात लागतो, विळीचं पातं मात्र जागेवर उभं असतं आणि भाजी त्याच्याकडे जाते. अडचण होती ती जमिनीवर बसून पाट पायानं दाबण्याची. सुताराकडचा शिकंजा आणला, विळीचा पाट मेजाच्या कडेला आवळला आणि मायला खुर्चीत बसवलं. डावा हात कोपरापासून मेजावर, पात्यापासून लांब, पण दिसेल असा. डाव्या बाजूचं तिचं भान आणि नजर शाबूत आहे हे आधी नीट तपासलं होतं. लकव्यात काही जणांचं अर्ध्या जगाकडे लक्षच जात नाही. अशा माणसाच्या हाती पातं देऊ नये. मायनं वांगी चिरली, हळू पण एकसारख्या फोडींची. आंघोळीत कुणाचा हात लागू नये याची तिला फारशी फिकीर नव्हती. भाजी तिच्या हातची हवी होती.

आपल्या देशात व्यवसायोपचाराची ही विद्या रुजवली कमलाबाई निंबकरांनी. जन्मानं अमेरिकन असलेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा सुरू केली. १९५२ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत त्याच्या संस्थापक देशांत होता. इतका जुना वारसा असून एका हातानं लुगडं कसं नेसावं, गडव्यानं अंगावर पाणी कसं घ्यावं, यावर नव्या उपचारतज्ज्ञाच्या हाती देण्याजोगं मराठीत फार थोडं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ साली अपंगांसाठी गावपातळीवर शिकवण्याची पुस्तिका काढली. तिची मांडणी साधी आहे, चित्रं आहेत, आजही उपयोगी पडते. तशी आपल्या चुलीची, आपल्या न्हाणीची, आपल्या विळीची पुस्तिका हवी.

त्या वर्षी सून रोवणीला गेली. सुरुवातीला शेजारची मुलगी छपरीत बसून असायची, नंतर तिची गरज राहिली नाही. काकांच्या गळ्यात बटणांचा मोबाइल होता आणि एकच बटण दाबलं की मुलाला फोन जाईल अशी सोय करून दिली होती. माठ तोटीचा घेतला आणि कमरेच्या उंचीवर ठेवला.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना विनंती आहे, की जमेल तेव्हा घर पाहून या. एकदा तरी सकाळी जा. दुपारी गेलात तर आंघोळ, शौच, कपडे यांतलं काही दिसत नाही. घरात जे चाललं ते कागदावर काढा, मापं लिहा आणि एक प्रत गावच्या आशा सेविकेकडे ठेवा, पुढच्या घराला ती लागेल. आणि घरच्यांनी एवढं करावं: अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरत असेल तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावं, साधनांच्या सरकारी योजनांसाठी ते लागतं. ते हाती येईपर्यंत मात्र थांबू नका. वेल्डर, सुतार आणि बांबू गावाच्या आसपासच असतात, आणि मुरूम पहिल्या पावसाच्या आत टाकायचा असतो.